दिसले किती, आहेत किती?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जे आत येतं आणि बाहेर जातं, त्याची कुठे ना कुठे नोंद होते. ट्रक वजनकाट्यावर चढतो, कामगार हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवतो, पाणी मीटरमधून येतं, वीज युनिटांत मोजली जाते. पण याच वसाहतीच्या मोकळ्या प्लॉटवर खडीत अंडी घालणाऱ्या टिटव्या, कुंपणापलीकडच्या उसात ओरडणारे मोर, सरीतून पळणारे मुंगूस आणि कोल्हे, रात्रपाळी सुटताना रस्त्यावर बसलेली मोकाट कुत्री किती, हे कोणत्याही रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं. विचारलं तर उत्तर येतं, ‘हल्ली लई वाढल्यात.’ कशावरून? तर ‘हल्ली लई दिसत्यात.’

दिसणं आणि असणं यांतलं हे अंतर ओळखून मोजणं, एवढंच वन्यप्राण्यांच्या गणनाशास्त्राचं काम आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत त्यासाठी जेवढ्या पद्धती निघाल्या, त्या सगळ्या दोनच अडचणींशी झगडतात. एक, सगळा मुलूख पायाखाली घालता येत नाही, म्हणून काही भाग नमुन्यादाखल निवडावा लागतो. दोन, त्या निवडलेल्या भागातलेही सगळे प्राणी आपल्याला दिसत नाहीत. पहिली अडचण एमआयडीसीतल्या कोणत्याही क्वालिटी इन्स्पेक्टरला समजावून सांगावी लागणार नाही; हजार कास्टिंगच्या लॉटमधून पन्नास उचलून तपासणं हे त्याचं रोजचंच काम. पण त्याने उचललेले पन्नास नग पन्नासच असतात. त्यांतले वीस टेबलावर असूनही दिसलेच नाहीत, असं त्याच्या बाबतीत घडत नाही. रानात ते नेहमी घडतं, आणि दिसण्याचं हे प्रमाण किती ते कळल्याशिवाय हाती आलेल्या आकड्याला अर्थ येत नाही.

कोल्हापूरकरांच्या ओळखीची पद्धत म्हणजे बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची गणना. ती जिथे होते ते दाजीपूर पूर्वी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि १९८५ मध्ये क्षेत्र वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य. उन्हाळ्यात पाणी आटतं, प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर येतात, चांदणं लख्ख असतं, मचाणावर बसून रात्रभर मोजायचं, अशी ही कल्पना. ताडोबा-मेळघाटच्या कोरड्या जंगलात तिच्यात थोडंफार तथ्य आहे. राधानगरीत मात्र पहिला घोटाळा पाण्याचाच. धुवांधार पावसाच्या या डोंगरांत मे महिन्यातही कुठल्या ना कुठल्या ओढ्याला, झऱ्याला पाणी असतं, शिवाय खाली धरणाचा जलाशय. प्राण्याला मचाणासमोरच्याच पाणवठ्यावर येण्याची सक्ती नाही. वळवाने आदल्या दिवशी झोडपलं तर येणाराही येत नाही. दुसरा घोटाळा ओळखीचा. संध्याकाळी आलेला सात गव्यांचा कळप आणि पहाटे आलेला सात गव्यांचा कळप एकच की वेगळे? चांदण्यात गव्यासारखा गवा दिसतो. एकाच कळपाच्या दोन नोंदी आणि अजिबात न आलेले चार कळप हे एकमेकांची फिटंफाट करतील, असं गृहीत धरण्याला काही आधार नाही.

म्हणून ही गणना बंद करा असं मी म्हणणार नाही. रात्रभर गप्प बसून रान ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि वनविभागही अलीकडे या उपक्रमाला ‘निसर्गानुभव’ म्हणू लागला आहे. ते नाव प्रामाणिक आहे. अडचण होते ती दुसऱ्या दिवशी, जेव्हा त्या रात्रीच्या नोंदींची बेरीज अभयारण्यातली संख्या म्हणून छापली जाते आणि मागच्या वर्षीच्या बेरजेशी ताडून गवे वाढले की घटले याचा निकाल लागतो. वाढली असेल ती मचाणांची संख्या, किंवा कमी झाला असेल तो वळीव.

याच गोंधळाची दुसरी बाजू गावात दिसते. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये गवा शिरला आणि माणसांच्या गर्दीत, पळापळीत मेला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात कोल्हापूर शहरालगत गवा आला. दोन्ही वेळा चर्चा एकच, गवे फार झाले. शहरात आलेला एक गवा संख्येबद्दल काहीच सांगत नाही. संख्या तेवढीच राहून वाट मोडली असेल, चारा बदलला असेल, उसाची तोड चालू असेल, किंवा प्रत्येक खिशात कॅमेरा असल्यामुळे पूर्वी न दिसलेला गवा आता सगळ्या जिल्ह्याला दिसला असेल.

आकड्यांच्या भरवशावर राहिल्याची सगळ्यात महागडी शिक्षा देशाला वाघांच्या बाबतीत मिळाली. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये पाऊलखुणांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली. वनरक्षकांनी ठरलेल्या दिवसांत आपापल्या बीटमध्ये फिरायचं, मागच्या डाव्या पंजाचा ठसा काचेवरून कागदावर उतरवायचा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये साचा घ्यायचा, आणि सगळे ठसे एकत्र आले की जाणकाराने वाघ वेगळे काढायचे. स्वस्त पद्धत, गावच्या माणसाच्या नजरेला किंमत देणारी, आणि १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत तिने १,८२७ हा आकडा दिला. पुढच्याच वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिचं ऋण मान्य करायला हवं. पण एकाच वाघाचा ठसा भुसभुशीत मातीत एक, चिखलात दुसरा आणि कडक वाटेवर तिसराच उमटतो. शिवाय ही पद्धत सगळे वाघ मोजल्याचा दावा करत असल्याने चूक किती असू शकते हे सांगायची तिला सोयच नव्हती. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ १९८० च्या दशकापासून हे सांगत होते. कुणी फारसं ऐकलं नाही. २००१-०२ मध्येही आकडा ३,६४२ होता.

मग सरिस्का घडलं. राजस्थानातल्या या प्रकल्पात २००४ च्या सरकारी नोंदीत १६ ते १८ वाघ होते. २००५ च्या सुरुवातीला शोध घेतला तेव्हा एकही नव्हता. शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते आणि कागदावरचे वाघ त्यांच्यानंतरही जगत होते. पर्यावरणतज्ज्ञ सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं गेलं, पाऊलखुणांची गणना मोडीत निघाली, आणि २००६ च्या कॅमेऱ्यांवर आधारलेल्या नव्या पद्धतीने देशात वाघ सांगितले १,४११. या आकड्याशेजारी पहिल्यांदा मर्यादा छापल्या गेल्या: १,१६५ ते १,६५७. मला विचाराल तर भारतातल्या वन्यजीव मोजणीतली खरी क्रांती कॅमेऱ्याने केली नाही, या कंसातल्या दोन आकड्यांनी केली. आमचा अंदाज आहे आणि तो एवढा चुकू शकतो, असं सरकारने प्रथमच लिहून दिलं.

त्या नव्या पद्धतीचं बीज मात्र जुनं आणि मासळीबाजाराजवळचं आहे. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९० च्या दशकात चपट्या माशांना खुणेचे बिल्ले लावून सोडलं आणि पुन्हा जाळ्यात किती येतात ते पाहिलं. अमेरिकेत फ्रेडरिक लिंकन यांनी १९३० मध्ये कडी घातलेल्या बदकांवरून तोच हिशेब मांडला. खूण करा, सोडा, पुन्हा पकडा. हा हिशेब कागलच्या एमआयडीसीत मोकाट कुत्र्यांवर करून पाहता येईल. समजा, एका रविवारी पहाटे सगळे रस्ते फिरून ६० वेगवेगळ्या कुत्र्यांचे फोटो काढले. कुत्र्यांच्या अंगावरचे ठिपके, कान, शेपूट यांवरून ती ओळखता येतात. पुढच्या रविवारी त्याच वाटांनी फिरून ७५ कुत्री दिसली आणि त्यांतली २५ आधीच्या साठांपैकीच निघाली. म्हणजे दुसऱ्या फेरीत दिसलेल्यांत ओळखीची एक-तृतीयांश. ती साठ कुत्री एकूण संख्येच्या एक-तृतीयांश धरली, तर एकूण कुत्री १८०. आकडे लहान असताना वापरायची दुरुस्ती लावली तर १७७, आणि मर्यादा साधारण १३५ ते २२०. दोन्ही रविवार मिळून प्रत्यक्ष दिसलेली वेगळी कुत्री फक्त ११०. न दिसलेल्या सत्तरांचा हिशेब असा लागतो.

लागतो, पण काही अटी पाळल्या तरच. मधल्या आठवड्यात कुत्री बाहेरून आलेली नसावीत, गेलेली नसावीत, ओळखण्यात चूक नसावी. आणि सगळ्यात अवघड अट म्हणजे प्रत्येक कुत्रं दिसण्याची शक्यता सारखी असावी. ती कधीच नसते. कँटीनच्या आणि चहाच्या टपरीपाशी बिस्किटाला सोकावलेली कुत्री दोन्ही रविवारी हजर राहणार, तर नाल्याकडेची बुजरी एकदाही येणार नाहीत. समजा, अशा माणसाळलेल्यांमुळे पंचविसाऐवजी चाळीस ओळखीची निघाली, तर तोच हिशेब ११२ दाखवतो. कुत्री तेवढीच, आकडा जवळपास सत्तरांनी खाली. निर्बीजीकरण, लशी, पिंजरे, खर्च या आकड्यावर ठरणार असतील, तर टपरीचा परिणाम किती ते आधी तपासलेलं बरं. त्यासाठी दोनाऐवजी पाच-सहा फेऱ्या मारतात.

वाघाच्या अंगावरचे पट्टे म्हणजे जन्मतःच लावलेला बिल्ला, हे ओळखून कारंथ यांनी नागरहोळेत कॅमेरे लावले आणि १९९५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे. पुढे गणितात एक मोठी सुधारणा झाली. कोणता प्राणी कुठल्या कॅमेऱ्यापुढे किती वेळा आला यावरून त्याच्या वावराचं केंद्र काढायचं, म्हणजे ‘या क्षेत्रात वाघ किती’ या प्रश्नातला क्षेत्राचा गोंधळ मिटतो. कडेने डोकावून गेलेला वाघ पूर्ण धरायचा की अर्धा, हा वाद उरत नाही. २०१८ च्या देशव्यापी फेरीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या घरात छायाचित्रं निघाली, त्यांतली ७६,६५१ वाघांची, आणि ती संगणकाने जुळवून २,४६१ वाघ वेगळे ओळखले गेले. जाहीर आकडा २,९६७. वरचे पाचशे सहा वाघ कॅमेऱ्यात आले नव्हते. ते विष्ठा, ठसे, सावजांचं प्रमाण, जंगलाची प्रत यांच्यावरून गणिती प्रतिमानाने भरले. वाद आहे तो या भरलेल्या भागावर. गोपालस्वामी, कारंथ, मोहन देलमपाडी आदींनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की थोड्या जागी ठसे-विष्ठा आणि खरी संख्या यांचं नातं बांधून ते सगळीकडे लावणं गणिताने ठिसूळ आहे. भारतीय वन्यजीव संस्थेला हे मान्य नाही. माझा कौल असा की कॅमेऱ्यात आलेल्या वाघांबद्दल शंका घेण्याचं कारण नाही, प्रतिमानातल्या वाघांबद्दल आहे, आणि दोन्ही आकडे वेगवेगळे छापले तर वाचकाला स्वतः ठरवता येईल.

वाचकापर्यंत मात्र मर्यादाही पोचत नाहीत. २०२२ चा आकडा ३,६८२ असा सगळीकडे झळकला आणि २४ टक्के वाढ झाली म्हणून पेढे वाटले गेले. मर्यादा होत्या ३,१६७ ते ३,९२५. आधीच्या २,९६७ च्या मर्यादा २,६०३ ते ३,३४६. दोन्ही पट्टे एकमेकांत शिरतात. वाघ वाढले असण्याची शक्यता दाट आहे. नेमके २४ टक्के वाढले हे त्या आकड्यांतून निघत नाही.

आता कागलला जास्त जवळचा अभ्यास, तोही व्याघ्रप्रकल्पातला नव्हे, तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातला, उसाच्या शेतीतला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथे बांधांवर, पाणंदींवर, ओढ्यांत कॅमेरे लावले. राखीव जंगल नाही, मोठे वन्य तृणभक्षी नाहीत, माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर. २०१३ मध्ये निष्कर्ष आला: शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस. ठिपक्यांवरून बिबट्या ओळखायचा, बाकी हिशेब तोच. यातून दोन गोष्टी निघाल्या. शेतातही काटेकोर गणना करता येते. आणि राष्ट्रीय आकड्यांत ही जनावरं बहुतांशी नसतातच. २०२२ च्या फेरीत देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे सांगितले गेले, पण ती मोजणी मुख्यतः वाघांच्या जंगलांना धरून होती. जुन्नरच्या किंवा पंचगंगेकाठच्या उसात कुणी बिबट्या पाहिला तर तो त्या बेरजेत सापडेल, अशी आशा करू नये.

पट्टे-ठिपके नसलेल्यांचं काय? गवा, मोर, ससा, सांबर यांना बिल्ला नाही. त्यांच्यासाठी अंतरावर आधारलेली पद्धत आहे, जी १९९३ च्या बकलंड आणि सहकाऱ्यांच्या पुस्तकामुळे जगभर रुजली. एका सरळ रेषेत चालायचं आणि प्राणी दिसला की रेषेपासून त्याचं काटकोनातलं अंतर लिहायचं. रेषेवरचा प्राणी चुकत नाही, दहा मीटरवरचे थोडे चुकतात, पन्नासवरचे बरेच. अंतर वाढेल तसं दिसणं किती घसरतं याचा आलेख काढला की न दिसलेल्यांचं प्रमाण त्यातूनच मिळतं. उत्तम पद्धत, पण भरवशाच्या आलेखासाठी निदान ६० ते ८० नोंदी लागतात, आणि रेषा रँडम असाव्या लागतात. एमआयडीसीच्या डांबरी रस्त्यालाच रेषा मानण्याचा मोह होईल. तिथे फसगत ठरलेली, कारण मोर रस्त्यापासून बिचकतो आणि कुत्रं रस्त्याकडेच येतं. उसाचा प्रश्न त्याहून बिकट. लावणीनंतर दोन महिन्यांच्या उसात पन्नास मीटरवरचा मोर दिसतो, तोडणीला आलेल्या उसात पाच मीटरवरचा नाही. तोडणी झाल्यावर मोर ‘वाढतात’, ते यामुळेच. राधानगरीच्या कड्याकपारीत सरळ रेषा आखणं हेच कष्टाचं, मात्र सड्यांवर आणि जुन्या वाटांवर ते अशक्य नाही.

जिथे प्राणी फारच थोडे, तिथे कोणतंही गणित लंगडं पडतं. २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात बराच काळ एकेका वाघाचीच बातमी होत होती. २०२२ मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला नर डिसेंबर २०२३ मध्ये सह्याद्री प्रकल्पात दिसला आणि पट्टे जुळल्यावर कळलं की तो कोल्हापूरच्या डोंगररांगेतून उत्तरेकडे गेला होता. इथे अंदाज नको, ओळखच पुरते. विष्ठेतून डीएनए काढणं हाही ओळखीचाच मार्ग, जनावर समोर न येता. हत्तींच्या बाबतीत देशाने हाच रस्ता धरला. २०१७ ला पाहून मोजलेले हत्ती २७,३१२ होते. २०२५ च्या अहवालात लिदीच्या २१ हजारांहून अधिक नमुन्यांतून चार हजारांवर हत्ती ओळखून काढलेला अंदाज २२,४४६. हत्ती घटले, असे मथळे लगेच आले. पद्धत बदलल्यावर दोन आकड्यांची वजाबाकी करायची नसते, हे अहवालानेच सांगितलं होतं. आजरा-चंदगडला हत्तीच्या पायांखाली पीक गेलेल्या शेतकऱ्याला तर दोन्ही आकड्यांचा उपयोग नाही. त्याला हवी आहे तो एक हत्ती आज कुठे आहे याची खबर.

याच्या उलट, कधी कधी खरी संख्या काढण्याची गरजच नसते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) विभू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातल्या ठरावीक रस्त्यांवरून गाडीने जात गिधाडं मोजली. देशात एकूण गिधाडं किती, हे त्यातून कळत नव्हतं. पण तेच रस्ते, तीच रीत पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे २००७ पर्यंत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी संपल्याचं सिद्ध झालं. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे कारण २००४ मध्ये सापडलं आणि २००६ मध्ये त्यावर बंदी आली. साधी, स्वस्त मोजणी, शिस्तीने केलेली. दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना याच जातीची, आणि रंकाळ्यावर किंवा कळंब्यावर दुर्बीण घेऊन उभ्या राहणाऱ्या हौशी माणसाचे श्रम तिथे वाया जात नाहीत, जोवर तो दरवर्षी त्याच जागी, त्याच वेळी, तेवढाच वेळ उभा राहतो.

कागलसारख्या जागी हीच रीत सगळ्यात आधी हवी. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालात भोवतालच्या दहा किलोमीटरांतल्या प्राणी-पक्ष्यांचा एक तक्ता जोडलेला असतो. मोर, साळुंकी, मुंगूस, ससा, आणि पुढे वन्यजीव कायद्यातली अनुसूची. पाहणी बहुधा एकाच हंगामाची. असा तक्ता ‘आहे’ एवढंच सांगतो. किती, कुठे, घटतंय की वाढतंय, यातलं काही नाही. आणि तक्त्यात नाव नसलं तर ते जनावर तिथे नाही, असा अर्थ लावला जातो. उसातला कोल्हा एका फेरीत दिसला नाही म्हणून तो नसतो असं नाही. एकाच जागी तीन-चार फेऱ्या मारून, किती फेऱ्यांत दिसला आणि कितींत नाही यावरून त्याच्या वास्तव्याची शक्यता काढण्याची पद्धत २००२ पासून उपलब्ध आहे. तिला महागडी उपकरणं लागत नाहीत. शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र आणि संख्याशास्त्र हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत; वसाहतीत ठरावीक वीस-पंचवीस ठिकाणं निवडून दर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात फेऱ्या मारणं हे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाएवढंच काम आहे, आणि खर्च उचलायला वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याचा सीएसआर पुरेल.

तोवर वाचकाला एक करता येईल. पर्यावरण मंजुरीचे अहवाल ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर कुणालाही पाहता येतात. आपल्या भागातला एखादा उघडा, प्राण्यांचा तक्ता काढा आणि त्यात पाहणीच्या तारखा, चाललेलं अंतर, वापरलेली पद्धत आणि आकड्याच्या मर्यादा दिल्या आहेत का ते पाहा. दिल्या नसतील तर लेखी पत्र देऊन त्या मागा.